डॉक्युमेंटरी झाली, आता फीचर करू का? पेडण्याच्या एका मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न लांब आहे म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय २९, राहणार पेडणे, गोवा. लग्नांचे आणि हॉटेलांचे व्हिडिओ करून महिना कसाबसा निघतो. दोन वर्षं खपून एका दशावतारी कलाकारावर २८ मिनिटांची डॉक्युमेंटरी केली, ती दोन फेस्टिवलात लागली, लोकांनी पाठ थोपटली. आता मित्र म्हणतात डॉक्युमेंटरीत काय ठेवलंय, फीचर कर, म्हणजे पूर्ण लांबीचा कथापट. घरचे म्हणतात नोकरी बघ. आणि याला विचारायचंय की डॉक्युमेंटरी ही फीचरची पहिली पायरी असते का, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला म्हणजे एफटीआयआयला जाऊ का, मुंबई गाठू का, की गोव्यात राहूनही डायरेक्टर म्हणून करिअर होतं.

मी या कामात १९९८ पासून आहे. आधी मुंबईत साउंडला असिस्टंट, मग एडिटिंग, मग स्वतःच्या डॉक्युमेंटरी. २००४ ला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमची पणजीत आली त्याच वर्षी मीही सामान बांधून माशेलला परत आले, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नव्हता, माझी आई आजारी होती. आजवर नऊ डॉक्युमेंटरी आणि दोन फीचर केलीत, त्यातलं एक फीचर कोणीच पाहिलेलं नाही, ते का ते पुढे येईल. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. डॉक्युमेंटरी आणि फीचर हे शब्द त्यात जागोजागी आहेत, पण दुखणं मला एका ओळीत सापडलं जी तू अगदी जाता जाता लिहिलीयेस, की फिल्म पूर्ण होऊन आठ महिने झाले आणि तेव्हापासून मी काहीच केलेलं नाही. हा काळ सगळ्यांना येतो रे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. मी एकदा हिशोब केला होता, इतक्या वर्षांत स्वतःच्या फिल्मच्या शूटवर मी जेमतेम ६०० दिवस असेन. म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाहीत. बाकीचे सगळे दिवस दोन फिल्मच्या मधले. त्या मधल्या दिवसात तू काय करतोस, काय खातोस, कोणासाठी काम करतोस आणि डोकं कुठे असतं, त्यावर पुढची फिल्म होते की नाही ते ठरतं. फीचर की डॉक्युमेंटरी हा त्यानंतरचा प्रश्न.

बाहेरून हे मधले दिवस दिसत नाहीत म्हणून गैरसमज होतो. दिग्दर्शिका पायल कपाडियांना २०२१ ला फ्रान्सच्या कान फेस्टिवलात डॉक्युमेंटरीसाठी पुरस्कार मिळाला आणि २०२४ ला फीचरला ग्रां प्री हा तिथला दोन नंबरचा मोठा पुरस्कार, पेपरात वाचलं की वाटतं तीन वर्षांत उडी मारली, पण त्या फीचरचं लिखाण त्याच्या बरंच आधीपासून चालू होतं. श्याम बेनेगलांचं पहिलं फीचर आलं १९७४ ला, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते आणि त्याआधी जाहिरात कंपनीत राहून त्यांनी ढिगाने जाहिराती आणि डॉक्युमेंटरी केल्या होत्या. (याच बेनेगलांनी पुढे लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात सिनेमा शूट केला, आमच्याकडची जुनी माणसं अजून त्या शूटिंगच्या गोष्टी सांगतात.) सुमित्रा भावे तर फिल्म शिकलेल्याच नव्हत्या, समाजकार्यातून आलेल्या, १९८५ ला ‘बाई’ ही छोटी फिल्म केली आणि पहिलं फीचर ‘दोघी’ आलं १९९५ ला. मध्ये दहा वर्षं. तुझे आठ महिने झालेत.

आता प्रामाणिकपणे सांगते की माझ्या उत्तरातलं बरंचसं तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला माहीत नाही. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, बाइकचा-कॅमेऱ्याचा हप्ता चालू आहे का, आईवडील तुझ्यावर अवलंबून आहेत का, लग्नाचा विचार आहे का. मला माशेलला घराचं भाडं नव्हतं आणि नवरा शाळेत मास्तर, दर महिन्याला पगार. हे न सांगता मी तुला ‘ध्यास घे, सगळं होतं’ असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. म्हणून पहिलं काम, कागद घे आणि एक रुपया न कमावता तुझं घर किती महिने चालेल तो आकडा लिही. तो सहाच्या आत असेल तर फीचरचा विचार आत्ता बाजूला ठेव, कारण तुटीत असलेला माणूस हातात येईल त्या कागदावर सही करतो. मी केलीय.

आता पायरीबद्दल. डॉक्युमेंटरी आणि फीचर या दोन कामात निर्णय वेगवेगळ्या वेळी घ्यावे लागतात, मला तरी खरा फरक तेवढाच वाटतो, आणि तो मला फार मोठी किंमत देऊन कळला.

मी एकदा खाजनावर फिल्म करायला गेले. गोव्याबाहेरचे वाचत असतील तर, खाजन म्हणजे खाडीच्या काठाला बांध घालून मिळवलेली शेतं, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच जोराने दार मिटतं आणि ओहोटीला आपोआप उघडतं, आतलं पाणी बाहेर जातं आणि जाताना मासळी जाळ्यात सापडते. त्या मासळीच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव. माझ्या डोक्यात होतं की खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या कोरगुट भातावर छान फिल्म करायची, पेरणी, लावणी, कापणी, म्हातारी माणसं, गाणी. दीड वर्ष जाऊन-येऊन शूट केलं, ७० तासांचं फुटेज. एडिटला बसले तर भात कुठेच नव्हता! प्रत्येक मुलाखतीत माणसं फिरून फिरून पावणीवर येत होती, कारण ज्याने मानस घेतलीय त्याला खारं पाणी आत हवं असतं आणि ज्याचं शेत आहे त्याला ते नको असतं, आणि मध्येच एका रात्री बांध फुटतो आणि मग कोणी म्हणतं खेकड्यांनी पोखरला, कोणी काहीच म्हणत नाही. फिल्म त्या गप्प बसण्याची होती. मला हे एडिटच्या पाचव्या महिन्यात कळलं, मग परत गेले, आणखी अकरा दिवस शूट केलं आणि ५२ मिनिटांची फिल्म झाली. डॉक्युमेंटरी अशी असते, ती शेवटी लिहिली जाते. शूटिंगच्या वेळी तुला काय मिळतंय ते माहीत नसणं हा तिथे दोष धरत नाहीत.

मग मी पहिलं फीचर केलं, २२ दिवसांचं शूट, ४० माणसांचं युनिट. आणि मी तिथे डॉक्युमेंटरीवालीसारखी वागले. पहिल्याच दिवशी नदीवर मला धुकं हवं होतं म्हणून आम्ही थांबलो, मी आणि कॅमेरामन मजेत चहा पीत, आणि मागे ४० माणसं, जनरेटर, दोन टेम्पो, सगळ्यांचं भाडं चालू. तिसऱ्या दिवसापर्यंत पाच सीन मागे. चौथ्या दिवशी सकाळी फर्स्ट एडीने, म्हणजे मुख्य असिस्टंट डायरेक्टरने, मला बाजूला घेतलं, वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान मुलगा, आणि म्हणाला की मॅडम, तुम्ही ज्या गोष्टी इथे ठरवताय त्या दोन महिन्यांपूर्वी ठरायला हव्या होत्या. वाईट वाटलं पण शंभर टक्के बरोबर होता. फीचरमध्ये स्वयंपाकघरातले सगळे सीन एकाच दिवशी उरकतात, कथेत ते सुरुवातीचे असोत की शेवटचे, कारण ते घर तुम्हाला एकच दिवस मिळालेलं असतं. मग सकाळी नवरा वारल्यानंतरचा सीन आणि दुपारी त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. ती सगळी भावनांची उतरंड डायरेक्टरच्या डोक्यात आणि स्क्रिप्टच्या मार्जिनमध्ये आधीच लिहिलेली नसेल तर सेटवर तुझं काही खरं नाही.

म्हणून पायरी हा शब्द मला पटत नाही. डॉक्युमेंटरीने शिकवलेली थांबण्याची सवय मला फीचरच्या सेटवर महागात पडली. उलट फीचरवाली माणसं डॉक्युमेंटरी करायला येतात तेव्हा आधीच सगळं ठरवून येतात आणि समोरच्या माणसाला ‘परत एकदा म्हणा’ सांगतात, ते बघताना मला कसंसंच होतं.

पण काही गोष्टी सोबत येतात, त्याही सांगते. एक म्हणजे कान. माणसं वाक्य अर्धवट सोडतात, अवघड प्रश्नाला आधी ‘बरं’ म्हणतात मग दुसरंच काहीतरी बोलतात, हे मी शेकडो तासांच्या मुलाखती ट्रान्स्क्राइब करताना शिकले आणि माझे संवाद त्यावरच उभे आहेत. दुसरं म्हणजे हातांना काम देणं. आपल्याकडे नट बहुतेक रंगभूमीवरचे, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत बक्षिसं घेतलेले, नाहीतर तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय हाडात बसलेली. कॅमेरा दीड फुटावर असताना तो आवाज चालत नाही आणि ‘हळू बोला, नॅचरल करा’ असं सांगितलं की ते अजूनच आखडतात. माझ्या फीचरमध्ये एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या, सहा टेक झाले, जमेना. मग मी खऱ्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, टोपली आणून समोर ठेवली आणि म्हटलं ताई, एवढी सोलून होईपर्यंत बोलायचं, कॅमेऱ्याचं बघू नका. तिसऱ्या सुंगटाला त्यांचा आवाज खाली आला. डॉक्युमेंटरीत मी हेच करते, माणसाला खुर्चीत बसवून मुलाखत घेत नाही, तो जे काम करत असतो ते करू देते.

आणि फीचरकडे का वळावं याचं माझं कारण तुला सांगते, कारण तुझ्या लिहिण्यात कारणच नाहीये, फक्त मित्र म्हणतात एवढंच आहे. खाजनाच्या फिल्मच्या वेळी एक म्हातारा होता, रोज भेटायचा, एक दिवस म्हणाला, “बाय, तो कॅमेरा बंद कर, मागीर सांगतां.” (मग सांगतो.) मी बंद केला. त्याने बांध कोणी फोडला, का फोडला, किती पैसे घेऊन फोडला, सगळं सांगितलं. त्यातला एक शब्दही मी वापरू शकत नव्हते. पोलंडचा डायरेक्टर क्शिश्टोफ किश्लोव्स्की डॉक्युमेंटरी सोडून कथापटांकडे वळला, त्याचं म्हणणं असं होतं की माणसांचे खरे अश्रू टिपायची मला भीती वाटते, तो माझा हक्क आहे का हेच कळत नाही. मला हे त्या रात्री बांधावरून परत येताना समजलं. काही गोष्टी खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकणं त्याच्यावर अन्याय असतो, त्या नटाच्या तोंडात घालाव्या लागतात. तरीसुद्धा मी फीचरमध्ये गाव बदलला, धंदा बदलला, म्हाताऱ्याची म्हातारी केली, कारण गोवा एवढासा, २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख माणसं, कोणावर बेतलंय हे दुसऱ्या दिवशी बाजारात कळतं.

तर तुझ्या दशावतारी काकांबद्दल कॅमेरा बंद असताना कळलेलं असं काही आहे का जे फिल्ममध्ये घालता आलं नाही आणि अजून तुला झोपू देत नाही? असेल तर तुझं फीचर तिथे आहे. नसेल तर मित्रांचं ऐकू नकोस.

आता पैसे. एकेकाळी डॉक्युमेंटरीला मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची, थिएटरात सिनेमाच्या आधी त्यांच्या फिल्म लागायच्या, माझ्या पिढीने त्या शेंगदाणे खात पाहिल्यात. नंतर दूरदर्शन, मग २००० पासून पीएसबीटी, म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट, त्यांनी कितीतरी स्वतंत्र फिल्ममेकरांना काम दिलं. फिल्म्स डिव्हिजन २०२२ ला एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळात विलीन झाली. जुन्या पिढीची वाट तुला मिळणार नाही हे धरून चाल. आता बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या ग्रँट आहेत, कोलकात्याचं डॉकएज आहे जिथे पिचिंग, म्हणजे पैसे देणाऱ्यांसमोर फिल्मची कल्पना मांडणं, शिकवतात आणि परदेशी चॅनलवाल्यांसमोर उभं करतात, बाहेर इडफा बर्था फंडसारखे फंड आहेत. परदेशातून ग्रँट म्हणून पैसे घेताना एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो, म्हणून अर्ज भरायच्या आधी या कामातल्या सीएशी बोल, मंजूर झाल्यावर बोलून काही उपयोग होत नाही. गोवा सरकारचीही चित्रपटांना अर्थसाहाय्य द्यायची योजना आहे. त्याच्या अटी वाच, पण त्या पैशावर शूट सुरू करायचं गणित मांडू नकोस.

माझं घर कशावर चाललं? गेल्या दहा वर्षांतली तीन वर्षं माझ्या स्वतःच्या फिल्मवर, बाकी सात संस्थांच्या फिल्म, ट्रेनिंग व्हिडिओ, एका औषध कंपनीच्या सेफ्टी फिल्म, आणि इतरांच्या फिल्म एडिट करणं यावर. लग्नांचे व्हिडिओ करतो म्हणून तू लाजल्यासारखा लिहितोस ते मला अजिबात आवडलं नाही. लग्नात रिटेक नसतो, उजेड हातात नसतो, चाळीस नातेवाईक फ्रेममध्ये घुसतात आणि तरी मंगळसूत्राचा क्षण चुकवायचा नसतो, याहून मोठी डॉक्युमेंटरीची तालीम कुठली? फक्त एक कर, वर्षाचे भाग पाड. आपल्याकडे निसर्गानेच पाडून दिलेत. ऑक्टोबर ते मे कमाई, जून ते सप्टेंबर पावसात स्वतःचं लिखाण आणि एडिट. पावसाळ्यात मी पैशाचं काम शक्यतो घेत नाही, आणि त्या चार महिन्यांचे पैसे मे महिन्यापर्यंत बाजूला ठेवलेले असतात. दर वर्षी जमतं असं नाही, पण जमलं त्या वर्षी पुढची फिल्म पुढे सरकली.

एफटीआयआयबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १९६० पासूनची संस्था, कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट १९९५ ची, दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा अवघड, कोर्स तीन वर्षांचा आणि प्रत्यक्षात कधीकधी लांबतो. तिथे तंत्र मिळतं, पण तंत्र आता बाहेरही मिळतं. जे बाहेर मिळत नाही ते म्हणजे सोबतची माणसं, तुझा पुढचा साउंडवाला, तुझी पुढची एडिटर, वीस वर्षं पुरणारी. शिवाय तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ जगभरचे सिनेमे बघायला मिळतात. तुझ्या घरचा आकडा परवानगी देत असेल तर एकदा परीक्षा दे. नाही झालं तर आभाळ कोसळत नाही, सुमित्राबाईंचं वर सांगितलंच. मुंबईबद्दल मात्र ठाम सांगते, डायरेक्टर व्हायला मुंबईला जाऊ नकोस, असिस्टंट व्हायला जा. दोन वर्षं एखाद्या चांगल्या फीचरवर थर्ड एडी म्हणून कॉलशीट (उद्या कोणी किती वाजता यायचं त्याचा कागद) काढ, कंटिन्युइटी (एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळणं) सांभाळ, शिव्या खा, आणि परत ये. मी साउंडमधून आल्यामुळे हे केलंच नाही आणि त्या चौथ्या दिवशी सकाळी जे ऐकावं लागलं ते म्हणूनच.

फेस्टिवलचं जरा सविस्तर सांगते कारण इथे गोव्याच्या माणसाला खरा फायदा आहे आणि आपण तो वाया घालवतो. एनएफडीसीचा फिल्म बझार, म्हणजे फिल्ममेकर आणि पैसे लावणारे भेटतात तो बाजार, २००७ पासून इफ्फीच्या दिवसात इथेच भरतो, आता त्याला वेव्हज फिल्म बझार म्हणतात. देशभरची माणसं विमानाचं तिकीट काढून, हॉटेलचे नोव्हेंबरातले दर देऊन येतात आणि तू स्कूटरवरून जाऊ शकतोस. लक्ष्मीकांत शेटगावकरांचा एनएफडीसीने केलेला कोंकणी सिनेमा २००९ मध्ये टोरंटोला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार घेऊन आला, म्हणजे इथून तिथे रस्ता जातो हे सिद्ध झालेलं आहे. पण मुलं तिथे जाऊन काय करतात तर व्हिजिटिंग कार्डं वाटतात आणि सेल्फी काढतात. बझारमध्ये को-प्रॉडक्शन मार्केट वेगळं, अर्धवट झालेल्या फिल्मसाठीची वर्क-इन-प्रोग्रेस लॅब वेगळी, पूर्ण झालेल्यांसाठी व्ह्यूइंग रूम वेगळी, आणि या सगळ्यांचे अर्ज कित्येक महिने आधी बंद होतात. तुला आत्ता नक्की काय हवंय, पैसे, एडिटवर सल्ला, की फेस्टिवल प्रोग्रामर, ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर नुसता पास काढून बघायला जा, पहिल्या वर्षी तेवढं पुरे.

२८ मिनिटांच्या डॉक्युमेंटरीसाठी मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बघ, १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, आणि केरळचा डॉक्युमेंटरी-शॉर्ट फिल्म फेस्टिवल बघ, तिथला प्रेक्षक फिल्म संपल्यावर तासभर भांडतो, फार शिकायला मिळतं. तोपर्यंत फिल्म यूट्यूबवर टाकू नकोस, बरेच फेस्टिवल ऑनलाइन गेलेली फिल्म घेत नाहीत. सेन्सॉरचं म्हणशील तर १९५२ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला डॉक्युमेंटरीलाही सर्टिफिकेट लागतं, फेस्टिवलांना मंत्रालयाकडून सूट मिळते. २००४ च्या मिफला भारतीय फिल्मना सर्टिफिकेटची अट घातली तेव्हा डॉक्युमेंटरीवाले एकत्र आले आणि त्यांनी शेजारीच ‘विकल्प’ नावाने स्वतःचा फेस्टिवल भरवला. मी तेव्हा नवखी होते, पण एकट्याने काम करणारी ही माणसं एकमेकांना ओळखतात, हे मला त्या प्रकरणाने पहिल्यांदा कळलं.

आता ते न दिसलेलं फीचर. नाव घेत नाही. पहिल्या फीचरचं बरं झालं होतं, दुसऱ्यासाठी एक प्रोड्युसर स्वतःहून आला, गोड माणूस, घरी येऊन जेवून गेला. मी तेव्हा आठ महिने बिनकामाची होते, तुझ्यासारखीच, म्हणून करार न वाचता सही केली. म्हणजे वाचला, पण फायनल कट कोणाचा, म्हणजे शेवटचं एडिट कोण ठरवणार, आणि ठरावीक मुदतीत रिलीज केली नाही तर हक्क कोणाकडे परत येतात, या दोन ओळी नव्हत्या हे मला दिसलं नाही, जे लिहिलेलं असतं ते दिसतं, जे नसतं ते दिसायला वकील लागतो. फिल्म झाली, एडिट झाली, साउंड मिक्स झाला, आणि मग त्याचे दुसरे धंदे बुडाले. फिल्म आजही कुठल्यातरी ड्राइव्हवर आहे आणि मला ती चार मित्रांनाही कायद्याने दाखवता येत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने घ्यायचे, सहीला, शूट सुरू होताना, फर्स्ट कटला, डिलिव्हरीला, आणि प्रत्येक टप्पा कागदावर. स्क्रिप्ट कोणालाही पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर कर, ऑनलाइन होतं, खर्च फार नाही.

तुझ्या फिल्मबाबत दोन बारीक शंका. एक, मेकअपच्या सीनला मागे रेडिओवर जुनं नाट्यगीत वाजतंय असं तू कौतुकाने लिहिलंयस. ते रेकॉर्डिंग कोणाच्या तरी मालकीचं आहे. लहान फेस्टिवलात कोणी विचारत नाही, पण चॅनल किंवा ओटीटी पहिला प्रश्न तोच विचारेल. माझा एक संपूर्ण सीन असाच टेम्पोत वाजणाऱ्या गाण्यापायी कापावा लागला. काकांनीच ते पद गुणगुणलेलं फुटेज असेल तर ते वापर, शिवाय ते जास्त चांगलं वाटेल. दुसरं, काकांची आणि कंपनीतल्या बाकीच्या मंडळींची लेखी संमती घेतलीस का? तोंडी होकार पुरतो असं गावात वाटतं, पुरत नाही.

सामानाचं एवढंच की कॅमेरा भाड्याने घे, माइक विकत घे. कॅमेरा चार वर्षांत जुना होतो, माझा बूम माइक पंधरा वर्षांचा आहे. आणि गोव्याच्या पावसात लेन्सला बुरशी धरते, ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, पुड्या दर पंधरा दिवसांनी गरम करून परत टाकायच्या. फुटेजच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावात. माझी बहिणीकडे बेळगावला असते, तिच्या कपाटात साड्यांच्या खाली.

घरच्यांना काय सांगू असं तू शेवटी विचारलंयस. मी माझ्या वडिलांना काही सांगितलंच नाही, फिल्म नेऊन दाखवली, त्यांना ती कळली नाही पण शेजारचे आले होते त्यांना आवडली, त्यामुळे त्यांनाही आवडली. तुझ्या लिहिण्यात दोन्ही फेस्टिवलांची नावं आहेत, पण ज्यांच्यावर फिल्म आहे त्या काकांनी ती पाहिली का ते कुठेच नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ते रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात असतील, मग सापडायचे नाहीत. त्याआधी एखाद्या संध्याकाळी देवळाच्या मंडपात पडदा लाव, प्रोजेक्टर मिळत नसेल तर कळव, माझ्याकडे एक आहे, बल्ब जरा पिवळा पडलाय पण चालतो. घरच्यांनाही तिथेच बोलाव.